दाताच्या मुळाशी : प्रस्तावना

दात म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हिरडीबाहेर दिसणारा पांढरा भाग. टूथपेस्टच्या जाहिराती त्याच्या, लग्नाच्या अल्बममधलं हसू त्याचं, आणि दात विचकण्यापासून दात घशात घालण्यापर्यंतचे आपले वाक्प्रचारही त्याच्याच जिवावर. मुळाची आठवण होते ती दात हलायला लागला की. खरं तर दाताची निम्म्याहून अधिक लांबी हाडाच्या आत असते. वरचा सुळाच घ्या. त्याचा बाहेरचा भाग सुमारे १० मिलिमीटर, तर आतलं मूळ सुमारे १७. हे पुस्तक या आतल्या भागाचं आहे. त्यातही मुळापेक्षा, मूळ आणि जबड्याचं हाड यांच्या मधल्या फटीविषयी इथे जास्त सांगितलं आहे. ही फट जेमतेम ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर रुंद. दात म्हातारपणापर्यंत सोबत करणार की पन्नाशीतच रजा घेणार, याचा निकाल पुष्कळदा या फटीत लागतो.

‘दात हाडात कसा बसलेला असतो?’ असं दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘पक्का रुतलेला असतो, सर.’ खुर्चीत येऊन बसणाऱ्यांची समजूतही हीच असते. दात घट्ट आहे, म्हणजे तो हाडाला थेट चिकटलेला असणार. पण तसं असतं तर रोजच्या पाहण्यातल्या काही गोष्टी घडल्याच नसत्या. भातातला बारीक खडा दाताखाली येताच जबडा जागच्या जागी थांबला नसता. वाकडे दात तारा लावून सरळ करता आले नसते. आणि ज्याला आयुष्यात कधी कीड लागली नाही, असा धडधाकट दात एक दिवस हलायला लागून हातात आला नसता. या साऱ्यांचा उलगडा एकाच गोष्टीने होतो : दात हाडाला चिकटलेला नाही, तो हाडात टांगलेला आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी दाताच्या जागेकडे बारकाईने पाहिलं होतं. चरकसंहितेत शरीरातली हाडं ३६० मोजली आहेत. त्या मोजणीत ३२ दात धरले आहेतच, शिवाय त्यांच्या ३२ खोबणी वेगळ्या धरल्या आहेत. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आणि दात व त्याची खोबण यांची गणना खांदा आणि जांघेच्या सांध्याबरोबर एकाच प्रकारात केली. म्हणजे दाताची बैठक हा सांधा आहे, हे त्याने मानलं होतं. आजचं शरीररचनाशास्त्रही तेच मानतं. सुश्रुताचा आणखी एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुखरोग त्याने ६५ सांगितले. त्यांत खुद्द दातांचे आठ, तर दंतमुळांचे पंधरा. दाताचा आधार दातापेक्षा अधिक वेळा आजारी पडतो, असंच ही यादी सांगते.

या आधाराचे घटक तीन. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ, हाडासारखा थर असतो. दाताच्या मानेजवळ तो अगदी तलम, तर मुळाच्या टोकाकडे जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि तो आयुष्यभर हळूहळू वाढत राहतो. पलीकडे जबड्याच्या हाडातली खोबण असते. आणि या दोहोंच्या मध्ये तंतूंचा एक पट्टा असतो. त्याला शास्त्रात पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतात. पुस्तकात मी त्याला परिदंत बंध म्हटलं आहे. बंधाच्या तंतूंचं एक टोक सिमेंटममध्ये पुरलेलं असतं, दुसरं हाडात. हाडात शिरलेल्या अशा टोकांना शार्पीचे तंतू म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या विल्यम शार्पी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

हे तंतू सगळे एकाच दिशेने जात नाहीत. खोबणीच्या काठाजवळचे थोडे खाली उतरतात, त्याखालचे आडवे जातात, मुळाच्या टोकाचे फाकलेले असतात, आणि दाढांच्या दोन-तीन मुळांच्या बेचक्यात वेगळा गट असतो. पण सगळ्यात जास्त भरणा तिरप्या तंतूंचा. खालच्या दाढेत पाहिलं तर त्यांचं हाडातलं टोक वर आणि मुळातलं टोक खाली असतं. सुंभाने विणलेल्या बाजेवर माणूस बसला की सुंभ ताणला जातो आणि बसणाऱ्याचं वजन चौकटीवर ओढ म्हणून पोचतं. घास चावताना हेच होतं. दात खाली दाबला जातो, तिरपे तंतू ताणले जातात आणि खोबणीच्या भिंतीला ओढ बसते. हाडाला ओढ मानवते. एकाच जागी सतत पडणारा दाब मात्र मानवत नाही. तंतूंच्या जोडीला फटीतला द्रवही काम करतो. झटका क्षणभराचा असेल तर तो द्रव झेलतो. दाब टिकून राहिला तर द्रव खोबणीच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांवाटे बाजूला सरतो आणि मग दात किंचित हलतो. सर्व जोर लावून दाढा आवळल्या तर पन्नास-साठ किलोपर्यंतचा भार पडू शकतो. एवढा भार रोज झेलूनही दात तडकत नाही, याचं बरंचसं श्रेय या व्यवस्थेला आहे. निरोगी दातही थोडा हलतोच. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त, कारण रात्रभर दातांवर दाब नसल्याने ते केसभर वर आलेले असतात.

दात काढताना काय होतं ते जवळून पाहिलं तर ही रचना हाताला कळते. बाहेरच्यांना वाटतं, डॉक्टर चिमट्यात दात धरतात आणि उपटतात. उपटणं शेवटी येतं. आधी दात मुळाच्या दिशेने आत दाबायचा, मग गालाकडे आणि जिभेकडे सावकाश झुकवत राहायचं. त्याने खोबण रुंदावते आणि तंतू एकेक करून तुटत जातात. पहिलं मिनिटभर दात दाद देत नाही. मग एका क्षणी हातातला विरोध सैल पडतो आणि दात अलगद येतो. तो ताजा दात उजेडात धरून पाहावा. वरचा भाग गुळगुळीत, चकचकीत. मूळ पिवळसर आणि खरखरीत, त्यावर गुलाबी-लाल लोंबत्या चिंध्या. हा तुटलेला बंध. त्याची दुसरी बाजू खोबणीच्या भिंतीवर राहिलेली असते. एक्स-रेमध्ये हाच बंध मुळाभोवती बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो आणि त्याच्या बाहेरून खोबणीची भिंत पांढऱ्या रेघेसारखी. या दोन रेघा अखंड असल्या की आम्ही पुढचा एक्स-रे हातात घेतो. काळी रेघ रुंदावली किंवा पांढरी तुटली, की रुग्णाला पुन्हा खुर्चीत बसायला सांगतो.

दाताला पकडून ठेवणं हे या बंधाचं एक काम झालं. दुसरं काम संवेदनेचं. बंधात दाब आणि ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं दाटीने असतात. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी पातळ वस्तू आली तरी माणसाला ती कळते. या चेतातंतूंपैकी काहींच्या पेशी थेट मेंदूत असतात. इतर स्पर्शतंतूंच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, छोट्या गाठींमध्ये असतात. भातातला खडा लागताच, आपण विचार करायच्या आत जबडा उघडतो, तो या तंतूंनी दिलेल्या सूचनेमुळे. कवळी लावणाऱ्या आजोबांना शेंगदाण्यातलं टरफल का कळत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. त्यांच्या कवळीखाली हिरडी आहे, पण बंध नाही.

हा बंध म्हणजे एकदा बांधून झालेली दोरी नव्हे. त्यातलं कोलॅजेन शरीरातल्या इतर कुठल्याही जोडऊतीपेक्षा फार वेगाने मोडतं आणि नव्याने बनतं. दुरुस्तीचं काम अहोरात्र चालू असतं आणि त्याला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेनासं झालं की जुनं मोडत राहतं, नवं धड बनत नाही. लांबच्या सफरींवरच्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, दात हलून पडायचे. हाच स्कर्व्ही. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यचिकित्सकाने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. हा किस्सा पोषणशास्त्राच्या पुस्तकात नेहमी येतो. दंतवैद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दात घट्ट राहणं हे रोज नव्याने करावं लागणारं काम आहे.

जबड्याच्या ज्या भागात खोबणी असतात ते हाडही दातांच्याच जिवावर जगतं. गर्भावस्थेत दाताच्या अंकुराभोवती एक पिशवी असते. सिमेंटम घडवणाऱ्या, बंध विणणाऱ्या आणि खोबणीचं हाड बांधणाऱ्या पेशी तिच्यातूनच येतात. ज्यांना जन्मतः दात येतच नाहीत, त्यांच्या जबड्यात हे हाड नीट तयारच होत नाही. दात काढला की खोबणीच्या हाडाला काम उरत नाही. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी साधारण निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते, ती याच कारणाने.

हाड असं दाताच्या मर्जीने चालतं, म्हणूनच तारा लावून दात सरळ करता येतात. तारेने दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचा बंध दाबला जातो आणि हाड खाणाऱ्या पेशी तिथे कामाला लागतात. मागच्या बाजूला बंध ताणला जातो आणि हाड बांधणाऱ्या पेशी जागा भरून काढतात. दात खोबणीसकट सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. या सगळ्यात सिमेंटम हाडाइतक्या सहज विरघळत नाही, ही गोष्ट मोलाची. तसं नसतं तर हाडाच्या आधी मूळच झिजून गेलं असतं. ‘क्लिप लवकर काढा ना, डॉक्टर’ असा आग्रह मुलं धरतात, तेव्हा हेच समजावावं लागतं. जोर वाढवून वेग वाढत नाही. जास्त दाबाने बंधाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काम उलट रेंगाळतं.

इतर प्राण्यांकडे पाहिलं तर आपली व्यवस्था किती खास आहे ते कळतं. कुंपणावरच्या सरड्याचे दात जबड्याच्या काठाच्या हाडाला थेट जोडलेले असतात. कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या मुशीचे दात कूर्चेच्या जबड्यावर पसरलेल्या तंतुमय पडद्यात अडकलेले असतात. पुढची ओळ गळते आणि मागची पुढे येते. मगरीच्या दाताला खोबणही असते आणि बंधही, पण तिचे दात जन्मभर पडत आणि नवे येत राहतात. माणसाला दुधाचे वीस आणि नंतरचे बत्तीस मिळतात, पुढे काही नाही. ज्याला बदली मिळणार नाही त्याची जपणूक करावी लागते, आणि शरीर बंधाच्या दुरुस्तीवर एवढा खर्च करतं ते त्यासाठीच.

हा बंध जपला तर निखळलेला दात पुन्हा बसवता येतो, हे कळायला फार काळ जावा लागला. अठराव्या शतकात लंडनमध्ये श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात बसवण्याची टूम निघाली होती. पैसे घेऊन गरीब पोरं धडधाकट दात काढून द्यायची. व्यंगचित्रकार टॉमस रोलँडसनने १७८७ साली या प्रकारावर चित्र काढलं. प्रख्यात शल्यचिकित्सक जॉन हंटर या प्रयोगांचा पुरस्कर्ता होता. मानवी दातांवरचा त्याचा ग्रंथ १७७१ साली आला. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता आणि तो नमुना लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. माणसांच्या तोंडातले हे उसने दात मात्र फार काळ टिकत नसत. परक्या दाताच्या बंधाला शरीर आपलं म्हणत नाही, बंध मरतो, आणि मग मूळ हळूहळू विरघळत जातं.

दोन शतकांनंतर दुसरी वाट सापडली. १९५२ साली स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढता येईना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ साली त्यांनी गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचं दंतरोपण केलं. आज गावोगावी जे इम्प्लांट बसतात त्यांचं मूळ यात आहे. इम्प्लांट ही उत्तम सोय आहे आणि या पुस्तकात तिच्यावर वेगळं प्रकरण आहे. पण ‘हा खऱ्या दातासारखाच’ असं कुणी सांगितलं तर त्यात थोडी दुरुस्ती हवी. इम्प्लांट हाडाला थेट चिकटतं. मधे बंध नाही, म्हणून खड्याची ती तत्पर जाणीव नाही, तारा लावून ते सरकत नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलाला बसवलं तर शेजारचे दात वर येतात, हे मात्र मागे राहतं. वर्गात मुलं ज्याला ‘पक्का रुतलेला’ म्हणतात, तसा दात माणसाने बनवला तो हाच.

आता रोजच्या दवाखान्यातल्या गोष्टी. दात आणि हिरडी यांच्या मधे एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. तिथे जंतूंचा थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. शरीर या जंतूंशी लढू लागतं आणि त्या धुमश्चक्रीत आपलाच बंध आणि आपलंच हाड मागे हटतं. हिरडी दाताला सोडते, खाच खोल होत जाते. लोक याला पायोरिया म्हणतात. यात दुखत नाही, हा याचा सगळ्यात वाईट गुण. ब्रशवर रक्त दिसतं, तोंडाला वास येतो आणि माणूस दोन-चार वर्षं तशीच काढतो. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांना तर रक्तही कमी दिसतं, कारण निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग झाकला जातो. मधुमेह आटोक्यात नसेल तर हा आजार बळावतो, आणि हिरड्यांच्या सुजेने साखर आटोक्यात आणणं अवघड होतं.

यातच दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, दात साफ करून घेतले की ते हलतात. ज्यांचा बंध आधीच गेला आहे, त्यांचे दात कीटणाच्या आधाराने एकमेकांना धरून उभे असतात. कीटण काढल्यावर त्यांची खरी अवस्था दिसते, एवढंच. कीटण तसंच ठेवलं तर उरलेलं हाडही जातं. दुसरी, वरचा दात काढला की नजर जाते. दातांची संवेदना नेणारी शीर वेगळी आणि दृष्टीची वेगळी. एकीचा दुसरीशी संबंध नाही. या समजुतीपायी पू झालेला दात महिनोन् महिने तोंडात बाळगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा दात तर गेलाच, भोवतालचं हाडही गेलं.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात दात, मूळ आणि खोबण कशी घडते ते. दुसऱ्यात बंधाचं रोजचं काम. तिसऱ्यात बिघाड आणि उपचार. चौथ्यात दात जपण्याच्या साध्या सवयी. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पहिले दोन भाग सावकाश वाचावेत. इतरांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण तिसरा टाळू नये. शास्त्रीय शब्द जिथे रुळले आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत.

एक गोष्ट मात्र पुढची पानं न उलटताही वाचकाने लक्षात ठेवावी. मूल सायकलवरून पडलं, क्रिकेटचा चेंडू लागला आणि पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो शोधा. दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. मूळ घासू नका, पुसू नका. त्यावरच्या लाल चिंध्यांमध्ये जिवंत बंध आहे. माती लागली असेल तर गार दुधाने किंवा पाण्याने क्षणभर हलकेच धुवा आणि दात त्याच जागी, त्याच दिशेने बसवून मुलाला स्वच्छ रुमाल हळूच चावून धरायला सांगा. बसवणं जमत नसेल तर दात दुधात ठेवा. पाण्यात ठेवू नका, त्याने बंधाच्या पेशी फुटतात. कोरडा राहिला तर तासाभरात बंध मरतो, म्हणून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात पडला असेल तर तो पुन्हा बसवू नका. खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला त्याने इजा होते. ही माहिती घरातल्या मोठ्यांना आणि मुलांच्या शाळेतल्या बाईंना आजच सांगून ठेवा.